नववं निशाण

मार्गशीर्षातली सकाळ शिरोणच्या सड्यावर, त्या कातळपठारावर, पावलं न वाजवता उतरते. आधी आभाळ फटफटतं, मग जांभ्या दगडाच्या कपाळाला केशर लागतं, मग वाळून सोनसळी झालेलं गवत कडेकडेने उजळत जातं. आणि सर्वांत शेवटी कड्याखालचा समुद्र आपला निळा डोळा उघडतो.

त्या सुवर्णविस्तारावर नऊ निशाणं उभी होती. नऊ काठ्या, नऊ लाल ज्योती. आठ ज्योती निश्चल होत्या. कड्याच्या टोकावरची नववी मात्र थरथरत होती.

वारा नव्हता.

विभावरी दुरून पाहत राहिली.

साहेबाच्या काळात इथे गोल्फ चाले. साहेब गेला आणि मैदान करवंदीच्या जाळ्यांत बुडालं. लोक उतारवयात सोनं घेतात, फ्लॅट घेतात; तिच्या वडिलांनी, नाना कुवेसकरांनी, हा सडा घेतला. ‘गुंतवणूक आहे,’ असं चारचौघांत सांगायचे, आणि मूर्तीवरचं शतकाचं शेवाळ उतरवावं तसे एकेक गल मोकळी करायचे. गल म्हणजे चेंडू पडायचा खळगा; शब्द गावाचा, गोट्यांच्या खेळातला. प्रत्येक गलीभोवती वाळूचं तपकिरी वर्तुळ. हिरवळ इथे कधीच नव्हती. वाळूला गाडीचं जळकं ऑइल पाजायचं आणि फळी ओढून ती आरशासारखी करायची, ही इथली जुनी रीत. ती मोडायची नाही, हा नानांचा हट्ट.

फळी ओढणारी शेवंताकाकी मागून आली. “नानांनी जल्मभर रेवेक त्याल लावल्यानी,” ती म्हणाली, “आपल्या केसांक मात्र कधी लावूक नाय!”

विभावरीच्या ओठांपर्यंत हसू आलं आणि तिथेच वाळलं.

“मफलर गावलो काय गो बाय?”

“नाही गं काकी.”

नाना कार्तिकात गेले, झोपेत, कुणालाही न उठवता. तेव्हापासून ती त्यांचा मफलर शोधत होती. तिनेच विणलेला, डाळिंबी रंगाचा. कपाटं झाली, ट्रंका झाल्या, गाडीच्या सीटखालीही पाहून झालं.

आज रणदिवे सडा विकत घ्यायला येणार होते. पुण्याचे, हौशी, मोकळ्या हाताचे. मैदान आहे तसं राखीन, वाळूची वर्तुळं राखीन, शेवंताकाकीची फळीही राखीन, असं त्यांनी नानांना सांगितलं होतं. अट एकच: नववी गल हवीच. समुद्रावर झुकलेली, सूर्यास्ताच्या उंबऱ्यावरची ती नववी. ते नाही म्हणाले तर दुसरं गिऱ्हाईक दारात उभंच होतं, चिरेखाणीचं. मग हा सडा चिरा चिरा होऊन ट्रकांतून उतरणार होता.

काकी पहिल्या वर्तुळाकडे गेली. विभावरी नवव्याकडे निघाली.

पायांखाली गवत, गवताखाली दगड, दगडाखाली काहीतरी गंभीर, दूरस्थ, मंद्र. उद्या पौर्णिमा, समुद्राला उधाण चढत होतं. तिने निशाणाची काठी उपसली आणि गलीत डोकावली.

तळाशी डाळिंबी रंग होता.

दोन बोटांनी तिने तो ओढला. वीतभर, हातभर, आणखी हातभर; मिठाने कडक झालेला, तेलाने काळवंडलेला नानांचा मफलर सर्पासारखा वर आला. आणि त्याच्या मागोमाग गल श्वास सोडू लागली.

उष्ण, ओला, खारा श्वास. तो तिच्या गालाला लागला. मग आत ओढला गेला. मग पुन्हा आला. सड्याच्या पोटात समुद्राने घर केलं होतं, आणि त्या घराच्या छपरावर ती गुडघे टेकून बसली होती.

हलू नये असं तिला वाटलं. हलावं असंही वाटलं. भय गुडघ्यांतून चढलं, कमरेशी थांबलं, आणि मग त्याहून थंड असं एक दुसरं भय छातीत शिरलं: नानांना हे ठाऊक होतं. मफलर गलीत आपोआप शिरत नाही. तो दाबून, घडी घालून, निगुतीने बसवला होता. नाना सगळंच निगुतीने करत.

सांगणार होते का? कधी? विचारायला आता कोण उरलं होतं?

खालून रणदिव्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. विभावरीने मफलर पुन्हा गलीत कोंबला. हे आपले हात, असं क्षणभर तिला वाटलंच नाही. वर काठी रोवली, वाळूवरच्या गुडघ्यांच्या खुणा पुसल्या, आणि दबकत, दबकत, ती भरीव दगडावर परतली.

रणदिवे आठही वर्तुळांवर खूश झाले. “अहो, काय राखलंय! नानांनी शब्द दिला होता मला, नवव्यावरचा पहिला फटका माझा. चला!” गोल्फची काठी खांद्यावर टाकून ते चालू लागले. त्यांच्या पुढे, वाळूवर शेवटचा हात फिरवायला, फळी घेऊन शेवंताकाकी.

समोर दोन पाठमोऱ्या आकृती. पुढे तपकिरी वर्तुळ. त्यापुढे निळं, निळं, निळं. काकीचं अनवाणी पाऊल वाळूच्या कडेशी. बोललं तर सडा जाईल. बोललं तर नाना जातील, दुसऱ्यांदा.

आणि तिला तिची लहानपणीची लाज आठवली. तिचा चेंडू माणसांच्या दिशेने सुटला होता, आणि ओरडायला ती लाजली होती. तेव्हा नाना शेजारी वाकून म्हणाले होते, “फटका चुकला की ‘फोर!’ असं ओरडायला लाजायचं नाही, बाय. पुढच्या माणसाला सावध करायचं. या खेळात धर्म तेवढाच.”

“फोऽऽऽर!”

महिनाभर न रडलेला गळा होता तो. आवाज कड्यावर आपटून परत आला. रणदिवे सवयीने डोकं झाकून खाली बसले. काकी दचकून मागे सरली, फळी हातातून सुटली.

“पुढे जाऊ नका,” विभावरी म्हणाली. “खाली पोकळ आहे. समुद्र आलाय आत.” आणि मग, हळूच, “नानांना माहीत होतं.”

खूप वेळाने रणदिवे उठले, गुडघे झटकले, नवव्याकडे पाहिलं. “बघू,” ते म्हणाले. पुण्यात काय, कोकणात काय, या शब्दाचा अर्थ एकच.

गाडीचा आवाज उतारावर विरून गेला. शेवंताकाकीने विभावरीचा गार हात आपल्या तेलकट हातात घेतला. “माझो पाय थयच पडतलो होतो गो बाय,” ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

तेव्हा उधाणाची मोठी लाट आली. सड्याच्या पोटात दुंदुभी वाजली. नवव्या गलीने दीर्घ, अतिदीर्घ श्वास सोडला. काठी उडून आडवी झाली, आणि तिच्यापाठोपाठ डाळिंबी मफलर आभाळात उलगडला, क्षणभर उन्हात उभा राहिला, आणि वळणं घेत, वळणं घेत, भरीव दगडावर, तिच्या पायांपाशी उतरला.

वारा नव्हता.