पाटकरीचा शिक्का

नशिराबादच्या शिवारात, पितांबरनानांच्या मळ्यात गटाच्या वार्षिक मेळाव्यासाठी वांगी भाजायला ठेवली होती आणि कपाशीच्या काड्यांचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. एरवी या धुराला पुनम कधी कंटाळली नव्हती. आज मात्र तिला धूर नको होता, भरीत नको होतं, आणि झाडाला बांधलेला तो निळा बॅनर तर डोळ्यांसमोर नको होता. ‘मेघवाट ॲग्रो आणि पाटकरी गट – विश्वासाचं नातं’ असं त्यावर छापलं होतं. नातं कधी जुळलं, कुणी जुळवलं, ते गटातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

पाटकरी म्हणजे ठिबकवर चालणाऱ्या शेतांसाठी गटाने मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर. कुठल्या वाफ्याला किती पाणी, किती खत, कधी सोडायचं ते पाहणारं. पुनम मूळची शिंदखेड्याची, धुळ्यात एका पॉलिटेक्निकात शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांचे टोमणे खात पाटकरीचा कोड सांभाळायची. कोड सगळ्यांना फुकट आणि उघडा. कुणीही न्या, वापरा, पंप चालवणाऱ्या यंत्राच्या डब्यात घालून विका सुद्धा. अट एकच होती, की सुधारणा केलीत तर तीही सगळ्यांपुढे उघडी ठेवा. एवढी साधी अट, पण भल्याभल्यांना ती जड जाते.

मेघवाटने पाटकरी आपल्या डब्यात घातलं होतं आणि डबे विकायला काढले होते. आता त्यांना डब्यावर गटाचा शिक्का हवा होता, कारण चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंतचा शेतकरी आधी गटातल्या कुणाला तरी विचारायचा आणि मगच खिशात हात घालायचा. म्हणून कंपनीचे दीपक पवार साहेब आज गाडी भरून आले होते. सोबत आचारी, टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ. ज्या मेळाव्यात वांगी सोलणाऱ्यापासून लाकडी बडगीत भरीत कुटणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात लागतो, तिथे यांनी वाढपी आणले होते. पितांबरनानांनी आचाऱ्याला गोडीत सांगितलं, बाबा, तू आज बस, आम्ही करतो. साहेबांना त्यात काही वावगं झाल्याचं कळलंच नाही.

साहेबांच्या मागे लॅपटॉप सांभाळत ललित बसला होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा गटातलाच. पुनमच्या शेजारी बसून यानेच पाटकरीचा निम्मा खताचा भाग लिहिला होता. मेघवाटने नोकरी दिली तेव्हा गटाने त्याला पेढे भरवले होते. आपला माणूस आत गेला, आता कंपनी आपल्याशी सरळ वागेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. पुनमला तर सगळ्यात जास्त.

वांगी भाजत असताना चुका सांगायची गटाची रीत होती. ज्याने त्याने उभं राहून वर्षभरातली आपली चूक सगळ्यांपुढे सांगायची, मग जेवायचं. लपवलेली चूक पुढच्याच्या शेतात फुटते, हे गटाला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. टिंगल व्हायची, टोले बसायचे, पण चूक सांगितली म्हणून कुणाला कमी लेखलं जायचं नाही.

यंदा पुनमची पाळी आली तेव्हा कुणी हसलं नाही. समोर कोकिळाअक्का बसली होती. एरंडोलकडची, पाटकरी वापरणारी पहिली बाई, तिच्या भरवशावर अख्ख्या गावाने पाटकरी घेतलं होतं. भाद्रपदात तिची केळीची बाग, घड बाहेर पडायच्या बेतात असताना, करपून गेली. लाइट गेली, आली, लगेच पुन्हा गेली आणि आली, की पाटकरी झालेलं सगळं विसरायचं आणि खताची मात्रा पहिल्यापासून सोडायचं. त्या रात्री ते किती वेळा झालं कोण जाणे, सकाळी मुळं जळाली होती. पुनमने तेव्हापासून जीवाचं रान केलं. चूक खताच्या भागात आहे इतकं कळलं, पण नेमकी कुठे ते काही केल्या सापडेना. अखेर सगळ्यांना सांगावं लागलं की खत हाताने द्या. लोकांनी मग पाटकरी काढून टाकायला सुरुवात केली. फुकटातलं असंच असायचं, असं गावोगाव बोललं गेलं. अक्काच्या गावात तर पुनमचं नाव काढलं की लोक थुंकायचे.

पुनमने हे सगळं सांगितलं. चूक माझी आहे, मला ती अजून सापडलेली नाही, असं म्हणाली आणि खाली बसली. अक्काने नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग ललित उठला. म्हणाला, यंदा नोकरीच्या धावपळीत पाटकरीला हातच लागला नाही, त्यामुळे चूक करायलाही सवड मिळाली नाही. दोघंतिघं हसले. त्यानंतर साहेब उठले, आणि आमची चूक एवढीच की आम्ही तुमच्याकडे यायला उशीर केला, असं म्हणून त्यांनी हात जोडले. असली चूक सांगायला पगारी माणूसच लागतो. पितांबरनाना वांग्यावर इतके जोरात फुंकर घालू लागले की राख उडाली.

साहेबांनी टेबलावर डबा मांडला, नानांच्या पंपाला जोडला, आणि तो किती भरवशाचा आहे ते सांगायला सुरुवात केली. खताची मात्रा सुटू लागली. पुनम उठून टेबलाशी गेली. बागेचं ते झाल्यापासून कुठलाही डबा दिसला की तिचा हात आपोआप प्लगकडे जायचा. तिने प्लग काढला, लावला, लगेच पुन्हा काढला, पुन्हा लावला.

डबा सुरू झाला. क्षणभर थांबला. आणि मात्रा जिथे तुटली होती तिथूनच पुढे चालू झाली.

साहेब खुशीत म्हणाले की पाहा, आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. पुनमने पुन्हा तसंच केलं. डबा पुन्हा तुटल्या जागेपासून चालला. आत पाटकरीच होतं, तिच्याच हातचा कोड होता, आणि लाइटच्या दुसऱ्या झटक्यावर इलाज करायला त्यातली चूक आधी कुणाला तरी सापडावी लागते; ती सापडली होती, आणि गटाला कुणी सांगितलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते काय असतं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

“ललित,” ती म्हणाली, “हे कधी सापडलं तुला?”

ललितने साहेबांकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. आषाढात, असं पुटपुटला.

आषाढात. आणि बाग गेली भाद्रपदात. तेव्हापासून आज पौषापर्यंत हा गुळणी धरून बसला होता. पुनम सुट्ट्या जाळत होती, लोकांच्या शिव्या खात होती, आणि आज तिने सगळ्यांपुढे कबुली दिली तेव्हाही हा समोर बसून ऐकत होता. वर विनोद करत होता. पुनमला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि असं वाटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

साहेब मध्ये पडले. हा कंपनीचा धोरणात्मक निर्णय होता, एक हंगाम झाल्यावर दुरुस्ती द्यायचीच होती, सोमवारी कायदा विभागाशी बोलून पाहतो, वगैरे. एक हंगाम, म्हणजे फुकटातलं पाटकरी बदनाम होऊन लोक डब्याकडे वळेपर्यंत. एवढं समजायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. बसलेली माणसं उठून टेबलाभोवती आली. पुनमने सांगितलं की सोमवार नाही, कायदा नाही, अट पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे, दुरुस्ती आत्ता इथे उघडी होईल, नाहीतर डब्यात पाटकरी वापरता येणार नाही आणि हे आम्ही प्रत्येक गावात जाऊन सांगू. साहेबांनी सगळ्यांचे चेहरे एकदा पाहून घेतले आणि ललितला मान हलवून इशारा केला.

ललितने दुरुस्ती पाठवली. पुनमने तिथेच, खाटेवर बसून, ओळ न् ओळ तपासली. काम चोख होतं. त्याने आणखी संताप आला, कारण कसं चोख लिहायचं ते तिनेच त्याला शिकवलं होतं. पण शिंदखेड्यात, चोपड्यात अजून खत हाताने देणारी माणसं होती. तिने दुरुस्ती घेतली आणि गटाच्या रीतीप्रमाणे खाली ललितचं नाव लिहिलं. त्यापुढे, सापडली आषाढात, दिली पौषात, असंही लिहिलं. साहेब म्हणाले, महिने कशाला. तिने महिने तसेच ठेवले.

साहेब लगेच सावरले. झालं ते झालं, आता दुरुस्ती मिळाली, मन मोठं करा, शिक्क्याचं तेवढं बोलून घेऊ, असं म्हणू लागले. विश्वास बसायला अजून काय करायला हवं, तेही विचारून झालं.

“पुढची चूक सापडेल त्याच दिवशी आम्हाला सांगा,” पुनम म्हणाली. “असं पाच वर्षं करा. मग या.”

तोवर कोकिळाअक्का ललितच्या समोर येऊन उभी राहिली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“ललित, तुले जवय समजनं, तवय मनी बाग हिरवी व्हती का?”

“हो अक्का. हिरवी व्हती.”

“दिवाळीले तू मना घर उना. बागमा वाळेल पान हातमा लिसनी उभा राह्यना. फार वाईट व्हयनं म्हने. तवय बी माहीत व्हतं?”

ललितने होकाराची मान हलवली. डोळे भरून आले होते त्याचे, पण कुणालाही त्याची दया आली नाही.

साहेबांनी घाईने सांगितलं की अक्कांना कंपनी नवा डबा भेट देईल. अक्काने त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“डबा राहू दे तुमनाकडे. हाऊ पोऱ्या माले द्या. ललित, मना गावमा चल. ज्या ज्या लोके पुनमले बोलनात, त्यासले खरं काय ते सांग.”

साहेब हसले आणि म्हणाले, कंपनीचा माणूस असा गावात जाऊन काही बोलू शकत नाही, नियम असतात. मग हसू आवरून ललितला म्हणाले की लॅपटॉप घे, निघायचंय. ललितने लॅपटॉप मिटून टेबलावर साहेबांपुढे ठेवला आणि अक्काच्या जीपमध्ये मागे जाऊन बसला.

पुनम पुढच्या सीटवर चढली. तिचा राग तिळभरही उतरला नव्हता. गावात हा काय बोलतो, किती बोलतो आणि काय गिळतो, ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. जीप हायवेला लागली तेव्हा मागून ललितने दबक्या आवाजात विचारलं, “ताई, तू बोलशील का माझ्याशी परत?”

“आधी गावाशी बोल,” पुनम म्हणाली, आणि एरंडोल येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.