येतील इतक्यात

दचकू नका, मी खुर्ची बोलतेय. केस कापायला बसवतात ना, ती. पायाने दांडी दाबली की वर जाणारी, ढकललं की गर्रकन फिरणारी.

जन्म कारखान्यातला, पण अक्कल आली ती एका मोठ्या सलूनमध्ये, माणसांच्या तळहातांवरून. आरशासमोर चेहरे सोंग करतात. हातांना ते जमत नाही. "थोडेसेच हं," असं हसत सांगणारी बाईसुद्धा कात्रीचा पहिला आवाज आला की माझे हात गच्च धरते.

त्या सलूनमध्ये एक मुलगी कामाला होती. केस धुवायचे, झाडायचे, टॉवेल वाळत घालायचे. कापायला ती बघून बघून शिकली आणि घरी ताईच्या डोक्यावर हात बसवला. पुढे मला जुनी म्हणून काढलं, तेव्हा तिने मला घरी नेलं. बाहेरच्या खोलीत आरसा लागला, दारावर पाटी लागली.

"झाली एकदाची मालकीणबाई!" ताई म्हणाली.

पण मालकीणबाई उभ्याच राहीनात. रोज कात्र्या पुसायच्या, फरशी पुसायची आणि मग माझ्यावरच बसून राहायचं. दाराशी सावली हलली की माझे हात आणखी घट्ट धरायचे.

"चुकून जास्त कापले गेले तर परत चिकटवता येतात का गं?"

"माझे इतके कापलेस, मी कधी रडले?"

"तू घरची. रडलीस तरी मला थोडीच सांगणार!"

तिचे घामेजलेले तळवे दिवसभर माझ्या हातांवर. माझं रेक्झिन सगळ्यात आधी तिथेच विरलं.

एके दुपारी दार उघडून एक आजी आत आल्या. पाठीवर लांबलचक पांढरी वेणी. मुलगी माझ्यावर बसलेली, तेव्हा ती त्यांना गिऱ्हाईकच वाटली.

"बाई कुठे गेल्या गं?"

मुलीच्या तोंडून निसटलं, "येतील इतक्यात."

झालं! आजी बाकावर टेकल्या आणि दोघी मिळून मालकिणीची वाट बघू लागल्या. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण माझे हात तिने धरून ठेवले होते.

"तुझे किती कापायचेत?"

"जरासेच."

"माझी सगळी वेणीच जायचीय. उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय, ऑपरेशन आहे. सून म्हणते, मी विंचरीन. पण आपण पडून राहायचं आणि दुसऱ्याने गुंता सोडवायचा, नको वाटतं बाई." त्यांनी वेणी मांडीवर घेतली, मांजर घ्यावं तशी. "लग्नाआधीपासून कात्री लागलेली नाही हिला. आज कशीबशी हिंमत करून निघालेय."

बराच वेळ गेला. आजी उठल्या.

"जाते मी. पुन्हा काही माझ्याच्याने निघणं व्हायचं नाही."

त्या दारापर्यंत गेल्या. माझे हात असे आवळले गेले की स्क्रू करकरले. आणि मग एकदम माझ्यावरचा भार नाहीसा झाला.

"आजी, बसा. मी कापते."

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अगं, मग मघाशी बाई येतील म्हणालीस त्या?"

"आल्या," ती म्हणाली आणि तिने तळवे एप्रनला पुसले.

आजी बसल्या. त्यांचे हात नेमके त्या विरलेल्या जागी आले. जागा अजून ओलसर होती.

"घाबरली होतीस होय गं?"

"अजून घाबरलेय."

"मग काप. बेफिकीर हातात मी ही दिली नसती."

तिने वेणी मुळाशी घट्ट बांधली, कात्री लावली. आजींनी डोळे मिटले. तिने मिटले नाहीत.

पुढे आजी काठी टेकत पुन्हा आल्या, कानापर्यंत वाढलेले केस बारीक करायला. तेव्हा त्यांनी मला धरलंसुद्धा नाही.

आता इथे नव्या खुर्च्या आल्यात. माझा फोम बाहेर आलाय, दांडी दाबली तरी मी वर जात नाही. खिडकीशी मला ठेवलंय, वाट बघणाऱ्यांसाठी. तिथून मला दिसतं, दर गिऱ्हाइकाआधी ती अजून तळवे एप्रनला पुसते. भीती गेलेली नाही. फक्त ती भीती आता उभी राहून काम करते.

तुम्हीही बसा माझ्यावर, खुशाल टेका. मात्र ज्यांची वाट बघताय त्या बाई तुम्हीच असाल, तर दार बंद व्हायच्या आत मला रिकामी करा.