बाई आणि हत्ती

डॉक्टर रघुवीर पेंडसे भूलतज्ज्ञ होते. ग्लासगोच्या इस्पितळांत त्यांनी उभा जन्म लोकांना झोपवण्यात घालवला, आणि एकूण एक सगळ्यांना परत उठवलं, याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या धंद्यात माणसं भेटत ती आडवी, आणि ओळख होते न होते तोच त्यांचा डोळा लागे. त्यामुळे गप्पा मारण्याची सवय डॉक्टरांना कधी लागलीच नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कुणाशी बोलताना ते अधूनमधून समोरच्याचा श्वास नीट चाललाय ना, ते बघत.

त्यांची बायको श्यामलाबाई. लग्न करून पुण्याहून आल्या, मुलगी वाढवली, नंतर कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी करून निवृत्त झाल्या. स्वभाव शांत. हसायच्या त्या ओठ मिटून, जेवढ्यास तेवढं. डॉक्टरांच्या हिशेबी बायकोबद्दल जे माहीत असायला हवं ते सगळं त्यांना माहीत होतं: रक्तदाब, चष्म्याचा नंबर, वांगं चालत नाही.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात एका दुपारी फोन वाजला. मुलगी निवेदिता. ती इंग्लंडात रीडिंग गावी एका फायनान्स कंपनीत होती आणि कामासाठी हेलसिंकीला गेली होती. जन्म ग्लासगोचा, त्यामुळे तिचं मराठी आईच्या भीतीनं टिकलेलं होतं, पण लिंगांचा घोळ कायम.

"बाबा, मी म्युझियममध्ये आहे. आई इथे आहे."

"आई स्वयंपाकघरात आहे," डॉक्टर म्हणाले.

निवेदितानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मीटिंग लवकर संपली, बाहेर पाऊस होता, हॉटेलच्या काउंटरवर शहरात सध्या चालू असलेल्या प्रदर्शनांचं माहितीपत्रक होतं. त्यातलं जे सगळ्यात जवळ होतं तिथे ती शिरली. इर्मा कोस्केला नावाच्या कुणा फिनिश बाईनं आयुष्यभर काढलेले फोटो होते. दुसऱ्या दालनात वळली तर समोर आई.

"नक्की तीच?"

"बाबा, आईची फोटो आहे. दारापेक्षा मोठा आहे. आणि बाबा, she's laughing. म्हणजे खरंच हसतो आहे ती. I've never seen her like that."

खाली पाटी होती म्हणे: बाई आणि हत्ती, ग्लासगो, १९७३.

निवेदितानं मोबाइलवर काढलेलं चित्र ईमेलनं आलं. त्यात समोरच्या काचेवर दिव्याचा मोठा पांढरा गोळा, गोळ्याच्या एका बाजूला साडीवर घातलेल्या कोटाची बाही आणि वर सोंडेचं टोक. शेजारी कोण होतं, कुणी होतं का, ते त्या गोळ्यानं गिळलं होतं.

डॉक्टर स्वयंपाकघरात गेले. श्यामलाबाई भाजी फोडणीला टाकत होत्या. तुझा एक जुना फोटो फिनलंडमधल्या म्युझियममध्ये लागलाय, असं त्यांनी सांगितलं, साधारण गॅसचं बिल आलंय म्हणावं त्या सुरात. श्यामलाबाईंनी गॅस बारीक केला.

"हत्ती आलाय का त्यात सगळा?"

"सोंड आलीये," डॉक्टर म्हणाले.

"असं होय," म्हणून त्यांनी भाजीवर झाकण ठेवलं.

डॉक्टर उभेच राहिले. विचारण्यासारखं पुष्कळ होतं. त्र्याहत्तर साली ते दोघं ग्लासगोत एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि त्यांना आठवत होतं तिथवर त्या फ्लॅटमध्ये हत्ती नव्हता. पण पेशंटला काय विचारायचं हे ठरलेलं असतं, दातांची कवळी आहे का, शेवटचं कधी खाल्लंत. बायकोला काय विचारायचं याचं असं काही ठरलेलं नव्हतं. ते बाहेर आले आणि त्यांनी हेलसिंकीची दोन तिकिटं काढली. प्रदर्शन महिनाअखेर उठणार होतं.

लंडनला विमान बदलून ते पोचले. हॉटेलात गेल्या गेल्या डॉक्टरांनी ते माहितीपत्रक घेऊन नीट वाचलं आणि जाहीर केलं की इतक्या लांब आलोच आहोत तर बाकीचीही प्रदर्शनं बघून घेऊ, फोटोंचं शेवटी ठेवू. ज्या माणसानं ग्लासगोत इतकी वर्षं काढून एकदाही म्युझियमची पायरी चढली नव्हती, त्यानं हे म्हणावं याचं श्यामलाबाईंना नवल वाटलं असेल. त्यांनी ते दाखवलं नाही. पायांत लोकरी मोजे चढवले आणि निघाल्या.

खरं कारण असं होतं की डॉक्टरांना भीती वाटत होती. बाई मनापासून हसतेय म्हणजे कुणीतरी हसवलंय. आणि ते आपण नव्हतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारण आपण कधी कुणाला हसवल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी काचेच्या वस्तूंचं प्रदर्शन पाहिलं. फुलदाण्या होत्या, ज्यांत फूल ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चित्रकर्तीचं. तिनं आपल्या बहिणीला आयुष्यभर पाठमोरंच रंगवलं होतं. दालनभर पाठी. डॉक्टरांनी त्यातल्या दोन पाठींमध्ये मणक्याचा बाक ओळखला. दुपारी नव्या कलेच्या म्युझियममध्ये एका अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक माणूस गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फावड्यानं बाजूला सारत होता. तो सारून झाला की पुन्हा बर्फ पडे आणि तो पुन्हा सुरुवात करी. हे ग्लासगोतल्या घरासमोर दर जानेवारीत ते स्वतः करत, आणि कुणी बघायला येत नसे, असं डॉक्टरांच्या मनात आलं.

पण त्यांचं अर्धं लक्ष बायकोकडे होतं. श्यामलाबाई त्या दालनांतून माहेरी आल्यासारख्या वावरत होत्या. आत शिरताच कोट काढून कुठे द्यायचा हे त्यांना न विचारता कळे. चित्रापासून किती लांब उभं राहायचं, कधी पुढे सरकायचं, कुठल्या बाकावर बसलं की उजेडाची तिरीप डोळ्यांवर येत नाही, सगळं पायांखालचं असल्यासारखं. डॉक्टर मात्र प्रत्येक चित्रासमोर मॉनिटरसमोर उभं राहावं तसे उभे राहत आणि काही बदलत नाही असं पाहून पुढे जात.

"तुला हे सगळं कुठून येतं?" त्यांनी पाठमोऱ्या बहिणींसमोर विचारलं होतं.

"काय कुठून?"

तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी माहितीपत्रकातलं दुसरं काही उरलं नाही. ते फोटोंच्या म्युझियमला गेले. दुसऱ्या दालनात वळले, आणि समोर ती होती.

फोटो काळापांढरा आणि खरंच दारापेक्षा मोठा. मागे पेंढा भरलेला प्रचंड हत्ती, सोंड किंचित उचललेली. त्याच्या पायांशी बाकावर साडीवर जाड कोट घातलेली एक पोरगेली बाई. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंडावर हात न्यायला गेलेली आणि तो अर्ध्यात राहिलेला. सगळे दात दिसत होते. डाव्या बाजूच्या एका दाढेत चांदी भरलेली होती, ती डॉक्टरांना आज पहिल्यांदा दिसली.

शेजारी कुणी नव्हतं. बाकाची उरलेली जागा रिकामी होती. डॉक्टरांनी ती दोनदा तपासली.

एक वयस्कर फिनिश जोडपं फोटोसमोर होतं. नवऱ्यानं फोटो पाहिला, मग श्यामलाबाईंकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि कुणाच्या घरात चुकून डोकावल्यासारखा खजील होऊन बायकोला घेऊन पुढच्या दालनात गेला.

"कशाला हसत होतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

श्यामलाबाई फोटोकडे बघत होत्या. "तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या हिवाळ्यात फ्लॅटमधला हीटर नाणं टाकलं तर चालायचा आणि नाणी पुरत नसत. रघुवीर ज्युनियर डॉक्टर, सकाळी अंधारात जायचे ते दुसऱ्या दिवशी अंधारात यायचे, कधी तर तिसऱ्या. केल्व्हिनग्रोव्हचं म्युझियम चालत जाण्यासारखं होतं, आत ऊब होती आणि तिकीट नव्हतं. त्या रोज डबा घेऊन तिथे जाऊन बसू लागल्या. हत्तीजवळच्या बाकाशी गरम पाण्याचा पाइप होता, म्हणून हत्ती. त्याच बाकावर त्याच पाइपासाठी एक उंच, पिवळ्या केसांची मुलगी येऊन बसायची. आर्ट स्कूलमध्ये शिकायला हेलसिंकीहून आलेली, इर्मा. तिची खोलीही गारठलेली. दोघींचं इंग्रजी बेताचं. ग्लासगोचे लोक बोलतात ते इंग्रजी दोघींनाही कळत नसे, एकमेकींचं मात्र कळे. डब्यातली पोळी-भाजी अर्धी अर्धी व्हायची. मग इर्मा हात धरून चित्रांपुढे न्यायची आणि बघ म्हणायची. काय बघायचं ते सांगायची नाही, कारण तेवढे शब्द तिच्याजवळ नव्हते.

"एकदा तिनं विचारलं, नवरा काय करतो. मला भूल देतात त्याला काय म्हणतात तेच येईना. मग करून दाखवलं."

"काय करून दाखवलंस?"

"तुम्ही. पेशंटवर वाकून, गंभीर चेहरा करून, आकडे मोजायला सांगताय. पेशंट मोजतोय, मोजतोय, आणि दहापर्यंत यायच्या आत तुम्हीच झोपलात."

डॉक्टरांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"ती इतकी हसली की मलाही आवरेना. तेवढ्यात तिनं कॅमेरा उचलला."

"हे सगळं मला कधी सांगितलं नाहीस."

"रोज सांगत होते," श्यामलाबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. एखादी तारीख सांगावी तसं त्या बोलत होत्या. "तुम्ही घरी आलात की बूट काढता काढता विचारायचात, दिवस कसा गेला. मी सांगायला लागायचे. हत्तीपर्यंत पोचेपर्यंत तुमचा डोळा लागलेला असायचा. मग उन्हाळ्यात ती परत गेली आणि सांगण्यासारखं काही राहिलं नाही."

डॉक्टरांनी फोटोतल्या त्या पोरीकडे पाहिलं. आपल्या घरात इतकी वर्षं ही कुठे होती, हे त्यांना कळेना. आणि जे त्यांना घाबरवत होतं ते आता राहिलं नव्हतं, पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त जड होतं. दुसरा कुणी पुरुष असता तर त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

श्यामलाबाई दाराशी असलेल्या काउंटरकडे गेल्या. तिथल्या मुलीला त्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि इर्मा कोस्केला कुठे भेटेल ते विचारलं. मुलगी आनंदानं उठून उभी राहिली, मग तिचा चेहरा बदलला. इर्मा जानेवारीत गेली. हे प्रदर्शन तिच्या भाचीनं मांडलंय. भाची नेहमी सांगते, या फोटोतली बाई कोण ते मावशीला पक्कं आठवत होतं, पण नाव तिला नीट उच्चारता यायचं नाही म्हणून तिनं कधी लिहिलं नाही.

"काय म्हणायची ती मला?" श्यामलाबाईंनी विचारलं.

मुलीला ठाऊक नव्हतं. फोन करून विचारू का, म्हणाली. श्यामलाबाई नको म्हणाल्या. मग कागद मागून घेऊन त्यांनी आपलं नाव इंग्रजीत लिहून दिलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट. थोडा विचार करून खाली हत्तीचंही लिहिलं. त्याचं नाव सर रॉजर होतं.

त्या परत फोटोसमोरच्या बाकावर येऊन बसल्या. रडल्या नाहीत. पर्स मांडीवर ठेवून, चष्मा काढून, पदरानं पुसून पुन्हा लावला. डॉक्टर शेजारी बसले. कुणाचं माणूस गेलं की नातेवाइकांना काय सांगायचं हे त्यांना शिकवलेलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं.

"कशी होती ती?" त्यांनी विचारलं.

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे तिरका कटाक्ष टाकला, झोप येतेय का ते बघावं तसा. मग सांगायला लागल्या. इर्मा डाव्या पायानं किंचित लंगडायची, तिथपासून. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तेव्हा त्यांच्या सांगण्यातला नोव्हेंबर संपत आला होता. ट्राममध्ये डिसेंबर झाला. दुसऱ्या दिवशी विमानात, लंडनच्या रांगेत, पुन्हा विमानात त्या बोलत राहिल्या. पोळीला इर्मा मऊ पाव म्हणायची. एकदा रखवालदारानं दोघींना जेवताना पकडलं आणि हाकलायच्या ऐवजी लोणचं मागितलं. डॉक्टर ऐकत होते. मध्ये दोनदा डोळे जड झाले तेव्हा त्यांनी स्वतःला चिमटा काढला. ते वय झोपेचं होतंच, पण या खेपेला त्यांनी धीर सोडला नाही.

ग्लासगोच्या घरी पोचल्यावर बॅगा दिवाणखान्याच्या दाराशी ठेवल्या. कोट अजून अंगात होते. डॉक्टर म्हणाले, मला ते बघायचंय.

"काय?"

"मी भूल देतो ते. करून दाखव."

श्यामलाबाई नाही म्हणाल्या. मग सोफ्यावरची उशी उचलून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर वाकल्या, भुवया जवळ आणल्या आणि ओठ असे काही ओढून घेतले की डॉक्टरांना आपले वडील आठवले. उजव्या हातानं त्यांनी उशीच्या तोंडावर मास्क धरला आणि जड आवाजात म्हणाल्या, मोजा.

डॉक्टरांनी ते संपूर्ण पाहिलं.

"मास्क डाव्या हातात धरतात," ते म्हणाले.

"आणि उजवा?"

"उजव्यानं हवेची रबरी बॅग दाबायची. हळू. पेशंटच्या श्वासाबरोबर."

श्यामलाबाईंनी हात बदलला आणि पुन्हा वाकल्या. डॉक्टर समोरच्या खुर्चीत टेकले आणि त्यांनी इंग्रजीत मोजायला सुरुवात केली.