ड्राइव्हवरची लाल फुली

रोज सकाळी नऊच्या ठोक्याला नकाशे विभागातल्या ताईंचा फोन यायचा, “तात्या, सर्व्हरच्या ड्राइव्हवर आजही लाल फुली आहे, उघडत नाही.” कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तात्या धापा टाकत तीन जिने चढेपर्यंत ड्राइव्ह उघडलेला असायचा. ताई म्हणायच्या, “तुम्हाला बरा घाबरतो.”

पंधरा दिवसांत तात्यांनी पासवर्ड बदलला, केबल बदलली, डोकं फोडून घ्यायचं तेवढं राहिलं. शेवटी वैतागून ते आधीच जाऊन बसले. ताईंनी भिंतीवरचं बटण दाबलं, कॉम्प्युटर लावला. त्याच बटणावर चालणारा नेटवर्कचा डबा डोळे चोळत उठेपर्यंत कॉम्प्युटर फुली मारून मोकळा झाला होता.

“हे बटण रोज बंद कोण करतं?” तात्या कडाडले.

ताईंनी बटणावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. ‘घरी जाताना बंद करणे. हयगय चालणार नाही.’ खाली तात्यांचीच सही होती.