जाऊबाईंनी टिकवलेला सेन्सर

तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवणाऱ्या बाईंना मधुमेह होता. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला नाण्याएवढा सेन्सर लावून दिला. साखर घसरली की मोबाइल वाजे, बोटाला सारखं टोचायची कटकट मिटली. पण सेन्सर दंडावर राहील तर ना! पहिला टॉवेलबरोबर निघून आला. दुसरा पोहताना सुटला आणि तलावाच्या जाळीत जाऊन अडकला. बाईंनी धसकाच घेतला. तिसरा लावल्यापासून त्या पाण्यात उतरेनात, काठावरूनच शिकवू लागल्या.

याचा सगळ्यांत मोठा फटका पोस्टमनकाकांना बसला. नातीने समुद्रात बरोबर यायची गळ घातली, म्हणून ते निवृत्तीनंतर पोहायला शिकत होते. बाई शेजारी असल्या तरच त्यांचा हात कठड्यावरून सुटे.

"बाई, धीर तुम्ही काठावरून देणार आणि पाणी मी पिणार, हा कुठला न्याय?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण घरी आल्या त्या तोंड पाडूनच.

मोठ्या जाऊबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्या नाटकमंडळीत रंगभूषा करत. नटांना दाढीमिशा चिकटवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"काय गं, चेहरा का उतरलाय?"

बाईंनी दंड पुढे केला. तिसऱ्या सेन्सरचीही कड उचकटली होती. जाऊबाईंनी हात पुसून दंडावरून बोट फिरवलं.

"अगं, हे तेल कसलं?"

"तलावाच्या पाण्याने कातडी कोरडी पडते हो. रोज अंघोळ झाली की चोळते."

"मग टिकेल कसा? तेलकट गालावर माझी एक मिशी टिकत नाही. एकदा राजा राणीच्या गळ्यात पडून रडला आणि मिशी तिच्या खांद्यावर ठेवून आला! लोक पोट धरधरून हसले."

बाईंनाही हसू आवरेना.

तो सेन्सर बदलायचा दिवस आला तेव्हा जाऊबाईंनी आधी दवाखान्यातल्या नर्सला फोन लावून सगळं विचारून घेतलं. मग बाईंचा दुसरा दंड साबणाने धुतला, नर्सने सांगितल्याप्रमाणे स्पिरिटच्या पट्टीने पुसला आणि पूर्ण वाळू दिला. घाई करणाऱ्या बाईंना दोनदा दटावलं. सेन्सर बसवल्यावर तळहाताने दाबून धरला. वरून लावायच्या चिकटपट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करून ती सेन्सरवर चिकटवली.

"कोपरा असला की तो आधी उचलतो. आणि सेन्सरच्या मधलं भोक झाकायचं नाही, नर्सने बजावलंय. आता रात्रभर मुरू दे. उद्या खुशाल उड्या मार."

दुसऱ्या दिवशी बाई शिडीवरून बिचकत बिचकत उतरल्या. एक फेरी मारली, दंड चाचपला. जागच्या जागी! दुसरी मारली. मग त्यांनी सरळ काठावर जाऊन सूर मारला, तो इतका जोरात की काठावरच्या सगळ्यांचे कपडे भिजले.

"या काका, आता पाणी दोघं मिळून पिऊ."

पोस्टमनकाकांनी डोळे मिटून कठडा सोडला. बाईंनी त्यांच्या पाठीखाली हात धरला आणि हळूच काढून घेतला. काका तरंगतच राहिले.

"बाई, सोडू नका हं!"

"केव्हाच सोडलंय, काका."

काकांनी डोळे उघडले आणि हर्षाने एवढी आरोळी ठोकली की नाकातोंडात पाणी गेलं. खोकत, ठसकत ते पुन्हा पाठीवर आडवे झाले.