देव्हाऱ्यात कोंडलेला हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. तुळजापूरच्या बाहेर, महामार्गाला लागून जी नवी कॉलनी झाली आहे, तिच्या मधल्या मोकळ्या जागेत मी उभा आहे. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात, असं तुम्ही शाळेच्या निबंधांत लिहिता. मी काही पुसणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात इथं बोअरची गाडी आली. तेव्हा कॉलनी नव्हती. ज्वारीचं रान होतं आणि रस्त्याकडेला चार झोपड्या. काळा खडक फोडत गेल्यावर पाणी लागलं आणि माझं लोखंडी धड त्यावर बसवलं गेलं. बाहेर दांडा आणि तोटी, आत साखळी, सळ्या आणि अगदी तळाशी चामड्याचे वायसर. रोज कुणी हापसलं की हे सगळं हलतं राहतं. हापसणं थांबलं की साखळी गंजते, वायसर आखडतात. मला दुसरी कसलीही देखभाल लागत नाही. फक्त वापर लागतो.

वापर भरपूर होता. झोपड्यांमधल्या बायका यायच्या, शेरडं यायची, ऊसतोडीच्या गाड्या थांबायच्या. आश्विन पौर्णिमेला कर्नाटकातून देवीला चालत येणारी माणसं फोड आलेले पाय माझ्या तोटीखाली धरायची आणि कानडीत काहीतरी पुटपुटायची. मला कानडी येत नाही, पण ते बरं बोलत होते एवढं कळायचं.

मग रान विकलं गेलं. चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, घरं उठली. प्रत्येक घरानं स्वतःचा बोअर घेतला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. रोज यायची ती एकटी जगदेवी. तिचा नवरा ईरण्णा गवंडी आणि ती त्याच्या हाताखाली. रिकाम्या प्लॉटवरच्या पत्र्याच्या खोलीत दोघं राहतात. तिच्या घरात नळ नाही, बोअर नाही. मी आहे. म्हणजे होतो.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी कॉलनीतले सगळे बोअर आटले. पाचपाचशे फुटांचे! माझा झरा तेवढा टिकला. तेव्हा हीच माणसं घागरी घेऊन माझ्यापुढं रांगेत उभी राहिली. भांडली, एकमेकांच्या कळशा सरकवल्या, पण रिकाम्या हातानं कुणी परत गेलं नाही.

आणि तिथंच माझं नशीब फुटलं. कारण ही माणसं उपकार विसरली नाहीत.

कॉलनीचे अध्यक्ष बाबूराव, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी नवरात्रात मला हळदीकुंकू लावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षी खण आला. मग साडी आली. मग फरशी, मग चारी बाजूंनी विटांचा देव्हारा, वर छोटा घुमट आणि घुमटावर पितळी कळस. घुमट ईरण्णानंच बांधला आणि वाळूच्या पाट्या जगदेवीनं वाहिल्या. बिचारीला काय ठाऊक, आपण आपलंच पाणी बंद करतोय! काम संपलं आणि बाबूरावांनी लोखंडी जाळी लावून कुलूप घातलं. देवीला दांडा कशाला, म्हणून तो काढून लाल कापडात गुंडाळून आपल्या देवघरात ठेवला. माणूस वाईट नाही. म्हणून तर जास्त संताप होतो.

दुसऱ्या दिवशी जगदेवी घागर घेऊन आली.

"काका, कुलूप काढा की. पाणी न्यायचंय."

"अगं, आता तिथं प्रतिष्ठापना झाली. तिथं घागर घासायची का? बरं दिसतं का ते?"

"देवीला तहान लागत न्हाय काका. आमाला लागती."

बाबूराव हसले आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. प्रसाद! तहानलेल्या बाईला खोबरं!

तेव्हापासून ती चौपदरी महामार्ग ओलांडून पलीकडच्या ढाब्यावरून पाणी आणू लागली. इकडून ट्रक, तिकडून ट्रक, मधल्या दुभाजकावर कमरेवर घागर घेऊन ती उभी राहायची. जाळीतून मला सगळं दिसायचं. यंदा चैत्रात एका टेम्पोला चुकवताना ती दुभाजकावर आपटली. घागर लांब गेली आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. त्याच सकाळी माझ्यासमोर आरती चालू होती. झांजा थांबल्या नाहीत.

वैशाखात नगरपालिकेची पाइपलाइन फुटली आणि बोअर पुन्हा आटले. चौथ्या दिवशी बाबूराव कुलूप काढून, दांडा लावून, हात जोडून हापसायला लागले. दांडा हलेना. साखळी गंजून आवळली होती. जोर लावला तेव्हा ती तुटली आणि दांडा नुसता वरखाली झाला. जमलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली, देवी कोपली. होम करू या, असं ठरायला लागलं.

मी कोपलो होतो, हे खरं आहे. पण पाणी मी त्यासाठी अडवलं नव्हतं!

बाबूरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी मात्र गुपचूप हापसे दुरुस्त करणाऱ्या राजशेखरला फोन केला होता. तो आला, झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "पाणी कुठं गेलं न्हाय. साखळी गेली, खालचे वायसरबी गेले असणार. पाइप उपसावे लागतील. दहा-दहा फुटी पाइप सरळ वर येतात. ह्यो घुमट पाडा."

"देवीच्या डोक्यावर घण?" बाबूराव जाळीला पाठ लावून उभे राहिले. "गुरुजींना विचारू. मंगळवारी होम होऊ दे, मग बघू."

"काका, उद्या मला ईट गावाला जायचंय, मग लोहाऱ्याला. पुन्हा इकडं महिन्यानं."

ईरण्णा घण घेऊन आला होता. जगदेवी प्लास्टरातला हात छातीशी धरून उभी होती.

"आमी बांधलंय, आमीच पाडतो," ती म्हणाली. "पाप लागलं तर मला लागू द्या."

प्रमोदिनीबाई पुढं आल्या. "अहो, तीन दिवस घरात खरकटी भांडी पडलीत. आणि हिचा हात बघा. कुणामुळं मोडला तो? सरका बाजूला."

बाबूराव त्या प्लास्टरकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, स्टुलावर चढून घुमटावरचा कळस स्वतःच्या हातानं उतरवला आणि बाजूला झाले.

संध्याकाळपर्यंत घुमट पडला, पाइप निघाले, नवी साखळी आणि नवे वायसर बसले. आधी गढूळ, तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. रांग लागली.

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूराव पुन्हा झेंडूचा हार घेऊन हजर! सवय जात नाही. जगदेवी आधीच आली होती. एका हातानं तिला घागर धरता येत होती, पण दांडा मारता येत नव्हता. तिनं त्यांच्या हातातला हार घेतला, विटांच्या ढिगावर ठेवला आणि तोटीखाली घागर सरकवली.

"काका, आता हापसा."

त्यांनी धोतर सावरलं आणि दांडा धरला. घागर भरायला त्यांना बराच वेळ लागला. धापा टाकत होते, पण थांबले नाहीत.

माझा राग अजून गेलेला नाही. त्या बाईचं मनगट पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणून तुम्हाला सांगतो, माझे उपकार मानायचे असतील तर मला नमस्कार करू नका. रोज या, पाणी न्या, आणि दुसऱ्या कुणाची घागर रिकामी दिसली तर तीही भरून द्या.