एकशे बारा सह्या

कृष्णातचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्याला त्याचा जरा गर्वच होता. चंदगडच्या डोंगरातल्या त्याच्या वाडीवर बॉक्साइटची खाण येणार म्हटल्यावर कोल्हापूरच्या एका पर्यावरणवादी संस्थेनं कोर्टात धाव घेतली. गावातर्फे पहिला अर्जदार कृष्णात. तरी संस्थेचे उदयसिंह मोठ्या गाडीतून उतरले, तेव्हाच हा माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे असं त्यानं मनाशी पक्कं केलं. चुलतभाऊ आण्णा एकदा खाणवाल्यांशी बोलताना दिसला, तर सहा महिने त्याच्याशी बोलणं बंद.

मग कंपनीनं कोर्टात ग्रामसभेचा ठराव दाखल केला. खाणीला गावाची संमती, खाली एकशे बारा सह्या. अशी सभा झालीच नव्हती. पण ठराव टिकला की दावा गेला, आणि डोंगर पोखरला की झरे आटून खालचं भात गेलं. कृष्णातचं डोकं फिरलं. घरभेदी कोण ते शोधायचंच म्हणून तो कोल्हापुरात वकीलबाई क्रांती यांच्या ऑफिसात येऊन धडकला. आण्णालाही त्यांनी बोलावलं होतं. त्याला बघून कृष्णातनं तोंड फिरवलं.

क्रांतीनं फाइल पुढं सरकवली. पहिल्या पानावर टाइप केलेला ठराव, मागच्या पानांवर नुसत्या सह्या. कृष्णातनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. धोंडुबाईचा अंगठा, तिची सून, देवळामागची तीन घरं, मग वरची आळी. बोट थांबलं. गेल्या श्रावणात सकाळची एसटी सुरू करा म्हणून तो याच क्रमानं दारोदार फिरला होता. धोंडुबाईचा थरथरता अंगठा त्यानंच धरून टेकवला होता. तुम्ही सह्या आणा, अर्ज मी टाइप करून वर जोडतो, असं ग्रामसेवक म्हणाला होता. आणि सगळ्या जगाला चोर समजणाऱ्या या शहाण्यानं वर काहीच न लिहिलेली सह्यांची पानं त्याच्या हातात ठेवली होती.

सह्या कुणी आणि कशासाठी गोळा केल्या, हे शपथेवर सांगणारा माणूस मिळाला तर ठराव उडवता येईल, असं क्रांती म्हणाली. आण्णा खाली बघत बसला. वाडीत कोण दारोदार फिरलं होतं, ते त्याला ठाऊक होतं.

"मी गोळा केल्यात," कृष्णात म्हणाला.

क्रांतीनं पेन उचललं. मग तिनं विचारलं, "गावात म्हणतील, तुम्हीच गाव विकलंत. तयारी आहे?"

कृष्णातला लाज वाटली. आण्णाचं नाव निघालं असतं, तर तसं म्हणणारा पहिला माणूस तोच असता.

"म्हनू देत की," तो म्हणाला. "लिवा तुमी."